चांदबीबीचा चेहरा कुणी पाहिला?

आमच्या नववीच्या वर्गात गेली काही वर्षे एक चित्र भिंतीवर लावलेले आहे. घोड्यावर बसलेली राणी, डोक्यावर तुऱ्याचा ताज, हातावर ससाणा, सोबत पायी धावणारे सेवक. एका जुन्या कॅलेंडरमधून ते कापून घेतले, लॅमिनेट केले आणि खाली स्केचपेनने मराठीत व उर्दूत नाव लिहिले: चांदबीबी. मुलींना ते चित्र आवडते. आम्हालाही आवडते. जुन्नरसारख्या निजामशाहीच्या गावात, जिथे नजर वर केली की शिवनेरी दिसतो, तिथे एका मुस्लिम राणीचे चित्र वर्गात असावे, इतकाच आमचा विचार होता.

मागच्या वर्षी निजामशाहीविषयी सांगताना आम्ही नेहमीप्रमाणे अहमदनगरच्या वेढ्याचा प्रसंग रंगवून सांगितला. तट कोसळला, फौज घाबरली आणि चांदबीबी चेहऱ्यावर नकाब टाकून, हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने भिंतीकडे बोट दाखवले.

"टीचर, ती नकाब घालून लढली ना? मग या चित्र काढणाऱ्यानं तिचा चेहरा कुठं पाहिला?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर देता आले नाही. "उद्या सांगते," असे म्हणून आम्ही धडा पुढे नेला. घरी येताना ते चित्र सोबत आणले आणि बऱ्याच वर्षांनी नीट पाहिले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली होती: दख्खन, एकोणिसाव्या शतकाचा आरंभ.

चांदबीबी शहीद झाली १६०० साली. म्हणजे हे चित्र काढले गेले तेव्हा तिला जाऊन दोनशे वर्षे झाली होती. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर मधे आठ पिढ्या गेल्या. ज्याने हा चेहरा रंगवला त्याने तिला पाहिले नव्हते. त्याच्या आजोबाच्या आजोबानेही पाहिले नव्हते. आणि आम्ही मात्र मुलींना सांगत होतो की चांदबीबी अशी दिसत होती.

चित्र कसे तयार होत असे

मग आम्ही या चित्रांचा शोध घेऊ लागलो. ससाण्याची शिकार करणारी चांदबीबी हा दख्खनी चित्रकारांचा फार आवडता विषय होता. अशा चित्रांपैकी एक प्रसिद्ध चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. ते साधारण १७०० सालचे मानतात. म्हणजे तेही तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी काढलेले. पुढे अठरावे शतकभर आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत, हैदराबाद आणि दख्खनच्या इतर शहरांत, हाच विषय पुन्हा पुन्हा रंगवला गेला. घोड्याचा रंग बदलतो, मागची टेकडी बदलते, सेवक कमीजास्त होतात. पण घोडा, ससाणा आणि राणीचा एका बाजूने दिसणारा चेहरा बहुधा तसाच राहतो.

असे होण्याचे कारण चित्रकारांच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्यांच्याकडे 'चरबा' असे. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर जुन्या चित्राची रेघ उतरवून घ्यायची, रेघेवर सुईने बारीक भोके पाडायची आणि ते कातडे नव्या कागदावर ठेवून वरून कोळशाची पूड चोपायची. भोकांतून ठिपके उमटतात, ठिपके जोडले की आकृती तयार. बाप आपला चरबा मुलाला देई, उस्ताद शागिर्दाला देई. आपल्याकडे रांगोळीचा छापा असतो, तसेच ते काम. छापा तोच, रंग भरणारा हात वेगळा.

कागदही सहज मिळत नसे. दोनतीन कागद खळीने एकावर एक चिकटवून जाड पुठ्ठ्यासारखे करायचे, त्याला 'वसली' म्हणतात. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकचकीत करायचे, म्हणजे रंग पसरत नाही. खळ आणि घोटाई हे शब्द जुन्नरला नवे नाहीत. आपल्या गावचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, पेशवाईच्या दफ्तरात जुन्नरी कागदाचा उल्लेख सापडतो आणि तो कागद करणारी माणसे आपल्याच बिरादरीतली कागदी मंडळी होती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हाच धंदा मुस्लिम घराण्यांकडे होता. या वसलीवर हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, नीळ, काजळ, सफेदा आणि डिंकात खललेले सोने लावत. ब्रश खारीच्या केसांचा. सगळे चित्र शाळेच्या वहीच्या पानाएवढे, पण राणीच्या गळ्यातला मोती न् मोती मोजून घ्यावा.

विकत घेणारे कोण? आधी नवाब, अमीर-उमराव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत इंग्रज अधिकाऱ्यांची भर पडली. या देशाच्या राजाराण्यांच्या तसबिरींचे अल्बम जमवण्याचा त्यांना शौक होता. गंमत अशी की ज्या अहमदनगरच्या किल्ल्यासाठी चांदबीबी लढली, तो किल्ला याच काळात, ऑगस्ट १८०३ मध्ये, आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून जिंकून घेतला. किल्ला इंग्रजांकडे गेला आणि किल्ल्याच्या राणीच्या तसबिरी बाजारात विकल्या जात राहिल्या. पुष्कळ तसबिरींखालची नावे चित्रकाराने लिहिलेली नसत, ती नंतरच्या मालकाने लिहिलेली असत. आम्हीही तेच केले होते, फक्त आमच्या हातात बोरूऐवजी स्केचपेन होते.

जुन्नर आणि चांदबीबी

तसबिरीतून ती सापडणार नसेल तर कुठे शोधायची? पहिला धागा आपल्या गावातच आहे. बहमनी राज्याचा वजीर मलिक हसन याचा मुलगा मलिक अहमद हा जुन्नरचा सुभेदार होता. त्याने १४९० साली बहमनी फौजेचा पराभव केला आणि स्वतंत्र राज्य उभे केले. तीच निजामशाही. अहमदनगर शहर त्यानंतर, १४९४ साली, वसवले गेले. म्हणजे नगरच्या आधी निजामशाहीचे ठाणे जुन्नर होते. शिवनेरीवरची कमानी मशीद आणि गावाबाहेर हापूसबागेतला सौदागर घुमट आपण येताजाता पाहतो, पण इथे एक राज्य जन्माला आले होते हे मुलांना सांगायचे राहून जाते.

याच घराण्यातला तिसरा सुलतान हुसेन निजामशाह. त्याची बेगम खुंजा हुमायून. त्यांची मुलगी चांदबीबी, जन्म साधारण १५५० चा. तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झाले आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला गेला. १५८० मध्ये पतीचा खून झाला. मूलबाळ नव्हते. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि कारभार पाहिला चांदबीबीने. दरबारातल्या एका सरदाराने तिच्याविरुद्ध कट करून तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकले होते. ती सुटली, परत आली आणि कारभाराला लागली. अरबी, फारसी, तुर्कीबरोबर मराठी आणि कानडीही तिला येत होती, असे सांगितले जाते. ज्या प्रदेशात रयत मराठी आणि कानडी बोलत होती, तिथे राज्य करणाऱ्या बाईला या भाषा उपयोगी पडल्याच असतील. मराठी मासिक वाचणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट जवळची वाटावी.

आईचे पुसलेले चित्र

शोधता शोधता आम्हाला चांदबीबीपेक्षा तिच्या आईची गोष्ट जास्त लागली. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वि. का. राजवाडे यांनी १९१० साली ते स्थापन केले. तिथे 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची फारसी हस्तलिखित पोथी जपून ठेवलेली आहे. आफताबी नावाच्या शायराने हुसेन निजामशाहाची स्तुती करण्यासाठी ती लिहिली. काळ साधारण १५६५ ते १५६९. मंडळाने १९८७ मध्ये ती प्रसिद्धही केली आहे.

या पोथीत आज बारा चित्रे उरली आहेत आणि दख्खनी लघुचित्रांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्यांची खासियत अशी की त्यांत सुलतानाबरोबर तख्तावर त्याची बेगमही दाखवली होती. त्या काळच्या दरबारी चित्रांत ही गोष्ट फार दुर्मीळ. शायरानेही बेगमेची मनापासून तारीफ केली आहे. ही चित्रे तिच्या हयातीत, तिच्याच राज्यात काढलेली. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या चित्रासारखी दोनशे वर्षांनंतरची नाहीत.

पण आज ती पाने पाहिली तर तख्तावर सुलतान दिसतो आणि त्याच्या शेजारी रंगाचा डाग दिसतो. हुसेनशाह १५६५ मध्ये वारला. मुलगा मुर्तजा लहान म्हणून खुंजा हुमायूनने काही वर्षे राज्य चालवले. पुढे मुलाच्या बाजूच्या सरदारांनी तिला सत्तेवरून काढून कैदेत टाकले. त्यानंतर कुणीतरी पोथी उघडून बहुतेक चित्रांतली तिची आकृती रंग फासून झाकून टाकली. शब्द राहिले, चेहरा गेला.

आई आणि मुलगी. आईचे चित्र समोर बसवून काढता येईल अशा काळातले, ते पुसले गेले. मुलीचे चित्र कुणी न पाहताच काढले, ते जगभर गेले. वाचक भगिनींनो, त्या दिवशी रात्री आम्ही बराच वेळ याचाच विचार करत होतो.

वेढा

आता चांदबीबीच्या त्या प्रसंगाकडे येऊ. हा प्रसंग लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता तिचाच समकालीन. तरुणपणी तो अहमदनगरच्या चाकरीत होता, नंतर विजापूरच्या दरबारी गेला. त्याचे लिहिणे म्हणजे त्या काळातल्या, ती माणसे ओळखणाऱ्या माणसाचे लिहिणे.

१५९५ साली निजामशाहीत वारसाहक्कावरून चार गट पडले. त्यांतल्या एका सरदाराने आपला पक्ष बळकट व्हावा म्हणून मोगलांना बोलावले. अकबराचा मुलगा शाहजादा मुराद फौज घेऊन आला. ज्याने बोलावले त्याला पस्तावा झाला, पण फौज दारात उभी होती. चांदबीबी तेव्हा माहेरी होती. तिने भावाच्या लहानग्या नातवाच्या, बहादूरच्या, नावाने किल्ल्याची सूत्रे हाती घेतली.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना त्याची खबर लागली, काही सुरुंग शोधून निकामी केले गेले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एक सुरुंग उडाला आणि तटाचा मोठा भाग कोसळला. सरदार पळायच्या बेतात होते. त्या वेळी चांदबीबी चिलखत चढवून, चेहऱ्यावर नकाब टाकून, तलवार उपसून खिंडाराशी आली. ते पाहून पळणारे थांबले. दिवसभर लढाई झाली आणि रात्रीत, हाताला लागेल ते साहित्य भरून, तट पुन्हा उभा केला गेला. मुरादला तह करावा लागला. वऱ्हाड मोगलांना मिळाला, अहमदनगर बहादूरकडे राहिले. त्या दिवसापासून लोक तिला चांदबीबीऐवजी चांद सुलताना म्हणू लागले, असे फिरिश्ता सांगतो.

बघा, समकालीन माणसाने तिचे जे वर्णन ठेवले त्यात तिचा चेहरा नाही, तिची कृती आहे. दोनशे वर्षांनंतरच्या चित्रकाराने चेहरा दिला, दागिने दिले, ससाणा दिला, पण खिंडार आणि तलवार सोडून दिली. शिकारीचे चित्र शोभेचे असते, दिवाणखान्यात ठेवता येते. कोसळलेल्या तटाचे चित्र कोण विकत घेणार?

जुन्नरची वाट

आता ती गोष्ट, जी आम्हाला जुन्नरमध्ये इतकी वर्षे राहून ठाऊक नव्हती.

चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या वेळी शाहजादा दानियाल आणि खानखानान. किल्ल्यात आता ताकद उरली नव्हती. आपसातले वैर मात्र शिल्लक होते. चांदबीबीने हमीद खान नावाच्या खोजा सरदाराला सल्ला विचारला. तो म्हणाला, लढूया. तिचे मत वेगळे होते. किल्ला द्यावा, त्या बदल्यात माणसांचे जीव आणि अब्रू वाचवावी आणि लहान सुलतानाला घेऊन जुन्नरला निघून जावे. तिथे थांबून पुढचे पाहावे.

होय, जुन्नरला. जिथून घराणे सुरू झाले होते, तिथे परत. भोवती डोंगर, घाटवाटा, शिवनेरीसारखा किल्ला. विचार भित्रेपणाचा नव्हता, हिशोबाचा होता. पुढे मलिक अंबरने नेमके हेच केले. त्याने निजामशाहीचा नवा वारस गादीवर बसवला आणि १६०७ च्या सुमारास जुन्नरला राजधानी आणली. तिथून त्याने मोगलांना बरीच वर्षे झुंजवले. चांदबीबीला जे सुचले होते ते बरोबर होते.

पण हमीद खान तिच्यासमोरून उठला आणि रस्त्यात ओरडत निघाला की राणी मोगलांना मिळाली आहे, किल्ला विकला आहे. कुणी विचारले नाही की बाबा, तू काय ऐकलेस, पुरावा काय. जमाव तिच्या महालात घुसला आणि ज्या बाईने चार वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी खिंडार अडवले होते, तिला तिच्याच माणसांनी मारले. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. लहान बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले गेले. जुन्नरला कुणीच पोहोचले नाही.

चांदबीबी मोगलांच्या तोफेने मेली नाही. ती एका खोट्या खबरेने मेली.

आमची चूक

हे वाचताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यातल्या एका गावातून एक मुलगी एसटीने शाळेत येत असे. हुशार, कमी बोलणारी. कुणीतरी आमच्या कानावर घातले की ती शाळा सुटल्यावर सरळ घरी जात नाही, मधल्याच थांब्यावर उतरते. आम्ही तिला विचारले नाही. पालकसभेत तिच्या अम्मीला, काळजीच्या सुरात, "जरा लक्ष द्या" असे म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. दोन महिन्यांनी खरे कळले. त्या थांब्याजवळ दवाखाना होता. नानीची औषधे घ्यायला ती आठवड्यातून दोनदा उतरत असे आणि ते तिने घरी सांगितले नव्हते, कारण औषधाचे पैसे नानी तिला गुपचूप देत होती. मामूंना बोजा वाटू नये म्हणून.

आम्ही तिच्या घरी गेलो. अम्मीसमोर माफी मागितली. ती परत आली, पण त्या वर्षी तिचा वर्ग गेला. तिने आम्हाला कधी काही म्हटले नाही. तेच जास्त बोचते.

सूरह हुजुरातमध्ये ईमानवाल्यांना ताकीद आहे की कुणी खबर घेऊन आला तर आधी ती तपासा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. ही आयत आम्ही कितीदा वाचली असेल, मुलींकडून पाठ करून घेतली असेल. अमल करायची वेळ आली तेव्हा मात्र आम्ही हमीद खानाच्या मागे धावणाऱ्या जमावात होतो.

आज तर खबर पसरायला रस्त्यात ओरडावेही लागत नाही. मोबाइलवर अंगठा टेकला की झाले. कुणाच्या मुलीबद्दल, कुणाच्या रिश्त्याबद्दल, कुणाच्या धंद्याबद्दल आलेला मेसेज आपण पुढे पाठवतो आणि वर लिहितो, "खरं खोटं अल्लाह जाणे." अल्लाह तर जाणतोच. प्रश्न आपण तपासले का हा आहे.

भिंतीवरच्या चित्राचे काय केले?

चित्र आम्ही काढून टाकले नाही. घरात, वर्गात तसबीर लावावी की नाही याबद्दल आपल्या लोकांत वेगवेगळी मते आहेत, त्यांचा आदर ठेवून सांगतो. हे चित्र वर्गात आहे ते शोभेसाठी नाही, शिकण्यासाठी आहे. फक्त खालचे नाव बदलले. आता तिथे लिहिले आहे: 'चांदबीबी, तिच्यानंतर दोनशे वर्षांनी एका दख्खनी चित्रकाराच्या कल्पनेतली.' प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडूनच ते लिहून घेतले. तिचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे.

आणखी दोन गोष्टी दुरुस्त केल्या. गोळे संपले तेव्हा चांदबीबीने सोन्याचांदीचे गोळे करून तोफांतून डागले, ही कथा आम्ही इतिहास म्हणून सांगत होतो. ती तिच्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिणाऱ्या खाफी खानाच्या नावाने सांगितली जाते. आता कथा म्हणूनच सांगतो. दुसरे, अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सहल गेली की शहाडोंगरावरचा 'चांदबीबी महाल' आम्ही दाखवत असू. तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. तो सलाबत खान या निजामशाही वजिराचा मकबरा आहे. नाव लोकांनी प्रेमाने दिले. प्रेम राहू द्या, पण मुलांना खरे सांगा.

काही जण म्हणतील, एवढे सगळे काढून घेतल्यावर राणीचे उरले काय? आम्हाला उलटे वाटते. चेहरा गेला, सोन्याचे गोळे गेले, महाल गेला, तरी खिंडार राहिले, रात्रीत उभा केलेला तट राहिला, साताऱ्याची कैद राहिली आणि लोकांचे जीव वाचावेत म्हणून जुन्नरला यायचा तिचा बेत राहिला. जे तपासून उरते तेच आपले. कुरआन शरीफात सबाच्या राणीचा उल्लेख येतो. ती अवघड प्रसंगी आपल्या सरदारांना विचारते, बादशहा गावात घुसले की काय नासधूस होते ते सांगते आणि लढाईआधी दुसरी वाट शोधते. तिच्या रूपाबद्दल तिथे एक शब्द नाही, तिच्या समजदारीबद्दल आहे.

घरचा शजरा

शेवटी एक काम आम्ही वर्गाला दिले. आपापल्या घरचा शजरा लिहून आणा. मुलींनी मोठ्या हौसेने आणला. कुणाच्या घरी दादाजींनी वहीत लिहून ठेवला होता, कुणाच्या घरी नळकांड्यात घालून ठेवलेला लांब कागद निघाला. परदादा, त्यांचे वालिद, त्यांचे वालिद. पाच पाच, सात सात पिढ्या. आणि जवळजवळ एकाही शजऱ्यात बाईचे नाव नव्हते. ज्या घरात परदादीने एकटीने शेती सांभाळून मुले वाढवली, त्या घरातही परदादीच्या जागी काही नव्हते. तिथे रंगाचा डागही नव्हता, नुसती मोकळी जागा होती.

खुंजा हुमायूनला पुसायला निदान कुणाला रंग कालवावा लागला. आपण आपल्या नानी-दादींची नावे लिहिलीच नाहीत, मग पुसायची गरजच काय!

आम्ही मुलींना म्हणालो, आता घरी जा आणि विचारा. दादीच्या अम्मीचे नाव काय, ती कुठल्या गावची, तिला काय येत होते. जी गोष्ट दोन माणसांकडून कळेल ती पेनाने लिहा, जी एकाकडूनच कळेल ती पेन्सिलीने. दुसऱ्या आठवड्यात वह्या आल्या. एकीची परनानी जुन्नरला कागद घोटायच्या कामाला जायची, अकीकाचा दगड अजून घरात आहे, मसाला वाटायला वापरतात! एकीच्या परदादीचे नाव कुणालाच आठवेना. शेवटी जुन्या निकाहनाम्यात सापडले. त्या मुलीने ते नाव वहीत इतक्या ठळक अक्षरांत लिहिले की मागच्या पानावर उमटले.

वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्यात एखाद्या जुम्म्याला असर नंतर थोडा वेळ काढा. घरातल्या सगळ्यात बुजुर्ग खातूनजवळ बसा आणि तिच्या अम्मीचे, नानीचे नाव विचारून लिहून ठेवा. तिचा फोटो नसेल, चालेल. तिने काय केले तेवढे लिहा. आणि कुणाबद्दल काही ऐकले तर पुढे सांगण्याआधी एकदा थांबा.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे. परवा तिने विचारले, "टीचर, चांदबीबी जुन्नरला आली असती तर कुठं राहिली असती?"

आम्ही खिडकीतून शिवनेरीकडे पाहिले. यावेळी मात्र "उद्या सांगते" म्हणालो नाही. "मला माहीत नाही," असे म्हणालो, "चल, शोधू."